नामदेवभाऊंची रिकामी नळी

कॉलेजात तीस वर्षं कारकुनी केली की फायली कपाटात साठतात आणि किस्से डोक्यात. फायलींना निदान वाळवी तरी लागते!

साल पंच्याण्णव-शहाण्णव. धानपट्ट्यातल्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षापर्यंतच. फिजिक्सचं तिसरं वर्ष हवं, तर विद्यापीठाच्या समितीला इलेक्ट्रॉनच्या लाटा दाखवा! हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन ग्रॅफाइटमधून गेले की पडद्यावर हिरवी कडी उमटतात. नुसते कण असते, तर एक ठिपका पडला असता.

लॅबचे शिपाई नामदेवभाऊ. त्यांची लेक सुनंदा दुसऱ्या वर्षाला. तिसरं वर्ष आलं नाही तर चंद्रपूर. आणि तिथे खोली करून ठेवायची ऐपत नाही. म्हणजे शिक्षण बंद.

*

नळी भाऊंनी नागपूरहून एसटीने आणली. खोकं शेजारच्या सीटवर.

कंडक्टर म्हणाला, "खोक्यात काय हाय?"

"काही नाई. हवासुद्धा नाई."

"मंग काऊन सीट अडवून राह्यले?"

भाऊंनी रिकाम्या नळीचं फुल तिकीट काढलं!

*

प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी फिजिक्सच्या सरांना बोलावलं.

"इलेक्ट्रॉन कण आहे की लाट?"

"दोन्ही, सर."

"समिती येण्याआधी काय ते एक ठरवा!"

*

खोलीत अंधार हवा. पडद्यांची मंजुरी येईना, म्हणून भाऊंनी खिडक्यांना विडीच्या तेंदूपत्त्याची बारदानं ठोकली. अंधार झाला. वासही झाला.

*

शेजारी राईस मिल. ती सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, आणि व्होल्टेज पडलं की कडी मोठी व्हायची. भाऊ धावत मिलमध्ये.

"शेठ, थोडं थांबा! आमच्या लाटा फुगून राह्यल्या!"

शेठ घाबरले. "वैनगंगेले पूर आला का?"

*

समिती आली. अध्यक्ष अंधाऱ्या खोलीत शिरले ते बाहेरच येईनात. दहा मिनिटांनी मी आणि भाऊ आत डोकावलो. साहेब स्टुलावर, नाक जवळजवळ काचेला.

"बावीस वर्षं फळ्यावर काढतोय," ते हळूच म्हणाले, "पाहिली आज."

शिफारशीवर सही तिथेच झाली, टॉर्चच्या उजेडात. सुनंदा दाराबाहेर उभी होती. भाऊंनी तिला नुसती मान डोलावून दाखवली.

निघताना साहेबांनी भाऊंना बाजूला घेतलं. "ही नळी आमच्या कॉलेजला आठवडाभर मिळेल का हो?"

भाऊंनी नळीवर फडकं टाकलं.

"अर्ज करा, साहेब. पहिले आमची समिती येते तुमची खोली पाहाले!"