बी पर्यायातली दाई

"बी दाबा ना मॅडम. दाई पाहू."

मागच्या बाकावरून आवाज आला आणि वर्ग हसला. नागपूरच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ थांबला होता. बाळाचं डोकं दिसतंय, आता काय कराल? ए की बी? जे दाबाल, त्याचं दृश्य उघडतं. ए बरोबर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी हसत बी दाबलं.

पडद्यावर मी आले. हिरवं लुगडं, विस्कटलेले केस, रबरी पुतळ्याच्या पोटावर दोन्ही हातांनी जोर देणारी. मग माझ्या तोंडावर लाल फुली. मी तिसऱ्या बाकावर बसून ते पाहत होते.

त्या दिवसापासून माझं नावच बी पडलं. मेसमध्ये, हॉस्टेलच्या नळावर. "ए बी, सरक ना तिकडं."

व्हिडिओ कॉलेजातच बनला होता. ए साठी एक गोरी मुलगी, कडक पांढऱ्या गणवेशात. मला मॅडम म्हणाल्या, "तुझी आई दाई होती ना? तू बी कर. तुला मेकअपही नको." पुतळ्यावर डोकं सांभाळून बाहेर घ्यायला माझा हात सगळ्यांत हलका, हे त्यांनीच एकदा म्हटलं होतं. तरी मी गप हो म्हटलं.

लुगडं मायचं. उमरेडजवळच्या आमच्या गावाहून तिनं ते धुऊन, घडी घालून एसटीनं पाठवलं. फोनवर म्हणाली, "साऱ्या पोरी तुह्याकडून शिकतीन वं."

मायनं गावातली कितीतरी बाळंतपणं केली. मोठ्या घरची बाई अडली की आमच्या मोहल्ल्यात निरोप यायचा. बाळ रडेपर्यंत माय घरात, रडलं की अंगणात. चहा वेगळ्या कपात. ती उठली की त्या जागेवर पाणी शिंपडायचे.

सुट्टीत गेले तेव्हा ती मागेच लागली. "मले दाखव ना." व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर दिलेला. मायला वाचता येत नाही, म्हणून प्रश्न मी वाचला. माय लगेच म्हणाली, "डोक्याले हात लावून थांबाचं. बाईले म्हणाचं, हळू हळू श्वास घे." ते ए होतं. पुढचा प्रश्न, बाळानंतर वार पडण्याचा. "नाळ ओढाची नाही. वाट पाहाची." तेही बरोबर. ती खूश झाली.

"पण तू कोठी हायेस वं याच्यात?"

मी पहिल्या प्रश्नावर परत जाऊन बी दाबलं.

तिनं लुगडं ओळखलं. मग फुली पाहिली. फुली कळायला वाचता यावं लागत नाही. मोबाइल तिनं माझ्या हातात परत दिला.

"मी कधी पोटावर जोर नाही देला वं बाई," ती एवढंच म्हणाली. लुगडं पेटीच्या तळाशी ठेवलं. मी चुलीपाशी बसून रडले. काही दाया चुकत असतील. माझी माय चुकली नव्हती, आणि तिच्याच लुगड्यात तिला खोटं ठरवलं मी.

सुट्टीनंतर मॅडमनी कागद पुढे केला. व्हिडिओ दुसऱ्या कॉलेजांत जाणार, त्यासाठी संमती. "इथे सही कर."

मी म्हटलं, "त्याच लुगड्यात मी ए करून दाखवते. ते घ्या, मग सही करते."

"इतकं काय मनाला लावून घेतेस? चुकीचं करणारं कोणीतरी लागतंच."

"मग तुम्ही नेसा लुगडं."

मॅडमचा चेहरा उतरला. मग सावकाश म्हणाल्या, "प्रॅक्टिकल माझ्याकडे आहे, लक्षात ठेव."

लक्षात आहे. मी कागद सही न करताच परत सरकवला.

प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात आहे. त्यांना नापास करायचं तर करोत, मी पुन्हा बसेन. डोक्याला हात लावून थांबेन. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे कुणी शिकवलं, तर मायचं नाव सांगेन. पूर्ण नाव, आडनावासकट.