रविवारची गाडी

रूळदुरुस्तीमुळं शनिवार-रविवारी येडशीला एखादीच गाडी यायची. कुणी विचारलं, की स्टेशनावरचे पोर्टरमामा रुळांकडं बघत म्हणायचे, "येतीया की. बसा निवांत." नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही.

शाळा सोडून मी तिथं हमाली करायचो. एका रविवारी आई शेवटच्या घटका मोजत असल्याचा सोनारीहून सांगावा आला. मी बाकावर गाडीची वाट बघत बसलो. मामांनी दंडाला धरून उठवलं.

"आज गाडी न्हाय, लेकरा. बसू नगंस, चाल."

स्वतःच्या वहाणा त्यांनी माझ्या पायांत घातल्या.

मी पोचलो, तेव्हा चिता विझली होती.

वहाणा परत द्यायला गेलो. खडीवर अनवाणी चालून मामांचे पाय फुटले होते.

"बोलली न्हवं आई तुझ्याशी?"

"व्हय मामा. बोलली."