अकरा ठिपके

माझ्या आत्यानं सत्तावीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं न टेकलं तोच ती म्हणायची, "हलू नका." त्यामुळे गल्लीतली पोरं तिला मागून 'हलूनका बाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. मोबाइल आले, स्टुडिओ ओस पडला, तेव्हा पन्नाशी उलटलेली आत्या टाइमलॅप्स शिकली.

पहिलंच मोठं काम मिळालं ते एका बांधकाम कंपनीचं. बांधकामासमोरच्या गच्चीच्या कठड्याला तिनं लोखंडी पेटीत कॅमेरा पक्का केला. दिवसभर दर दहा मिनिटांनी एक फोटो. दर गुरुवारी कार्ड बदलायचं. तीन महिन्यांत सहा हजारांवर फोटो जमले. त्यांचा व्हिडिओ कंपनीच्या सोमवारच्या सभेत दाखवायचा होता.

शनिवारी सकाळी मी तिच्याकडे गेले, तर ती दोन दिवसांपासून लॅपटॉपपुढेच होती. धुक्यातले फोटो काढून टाकले होते, उजेड सारखा करून घेतला होता. सेकंदाला पंचवीस फोटो. तिनं बटण दाबलं. पायाचा खड्डा भराभर खोल होत गेला, ट्रक मुंग्यांसारखे पळाले.

"डावीकडे बघ," आत्या म्हणाली.

डावीकडे, खड्ड्याला लागून, एक जुनी तीन मजली इमारत होती. ती किंचित डुलल्यासारखी वाटली.

"कॅमेरा हलला असेल," मी म्हटलं.

"मलाही तेच वाटलं." तिनं पहिला आणि शेवटचा फोटो एकावर एक ठेवला. मागची पाण्याची टाकी तंतोतंत जुळली. दूरचा मनोराही जुळला. इमारतीची कड मात्र पडद्यावरचे अकरा ठिपके, म्हणजे पिक्सेल, खड्ड्याकडे सरकली होती. त्यातले आठ गेल्या नऊ दिवसांतले.

आत्यानं लॅपटॉप काखोटीला मारला आणि चपला अडकवल्या.

साइटवरचे इंजिनिअरसाहेब पत्र्याच्या ऑफिसात चहा घेत होते. त्यांनी व्हिडिओ एकदा पाहिला.

"मॅडम, वाऱ्यानं कॅमेरा हललाय."

"मग टाकी का नाही हलली?"

त्यांनी व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिलं. कप खाली ठेवताना चहा बशीत सांडला. "सोमवारी सभा झाली की मोजणी करून घेतो. तोवर फ्रेमची डावी बाजू कापून टाका."

"आत माणसं आहेत हो!"

"उगाच घबराट पसरवू नका. तुमचं काम फोटो काढायचं."

बाहेर आल्यावर आत्या क्षणभर थांबली. "मी चुकले असेन तर?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती त्या जुन्या इमारतीकडे निघाली.

इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचा कारखाना होता. बावीस बाया, बावीस मशिनं, नुसता खडखडाट. मुख्य बाई वैतागल्या. "ताई, संध्याकाळी माल जायचाय. कॉम्प्युटरवर काय, काहीही दिसतं."

आत्यानं लॅपटॉप कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरवला. एकेक मशीन थांबत गेलं. मागून एक बाई हळूच म्हणाली, "मागची खिडकी आठवडाभर लागत नाहीये. मला वाटलं, लाकूड फुगलंय."

मुख्य बाई मागे गेल्या. खिडकी ढकलून पाहिली. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "उठा गं सगळ्या. पर्स घ्या, बाकी राहू दे."

वर फक्त एक आजी-आजोबा राहत; त्यांचं दार चौकटीत घट्ट अडकलं होतं. खांद्यानं धक्के मारून मी आणि दोघींनी ते उघडलं. आजींना खुर्चीसकट खाली आणलं. जिन्यात भिंतीतून वाळू गळत होती, तिचा बारीक आवाज अजून माझ्या कानात आहे. तोवर आत्यानं अग्निशमन दलाला फोन लावला होता. त्यांचे अधिकारी आले, भिंत सरळ आहे का बघायला कोपऱ्याला ओळंबा लावला, आणि लगेच रस्ता बंद करायला लागले.

शनिवार तसाच गेला. इमारत उभीच. फुटपाथवर बसलेल्या बाया आत्याकडे बघत होत्या आणि आत्या जमिनीकडे.

रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला मागचा अख्खा कोपरा खड्ड्यात गेला. आत कुणी नव्हतं.

कंपनीनं कार्ड मागितलं. आत्यानं आधी अग्निशमन दलाला प्रत दिली, मग कंपनीला. काम अर्थात गेलं. महिनाभरानं पेपरात आलं की इमारत इंजिनिअरसाहेबांच्या सतर्कतेमुळे वेळेत रिकामी झाली. मी भडकले, "आत्या, पत्र लिही त्यांना!"

तिनं बातमी दोनदा वाचली, पेपराची घडी घातली.

"रिकामी झाली ना?" ती म्हणाली, आणि स्टुडिओबाहेर फोटोसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.