वाकलेला प्रकाश आणि चुकीचा टॉवर

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या नव्या सोसायटीतले सगळे टॉवर हुबेहूब एकसारखे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन बाबांनी तिथे फ्लॅट घेतला, तेव्हा मी पीएचडी करत होते. दूरच्या दीर्घिकांकडून येणारा प्रकाश वाटेतल्या वस्तुमानामुळे किती वाकतो, हे कंप्युटरवर काढायचं, एवढंच माझं काम. बाबांना ते काही पटत नव्हतं. मराठी मंडळातल्या मित्राकडे त्यांनी गुडगावच्या आयटी कंपनीतल्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता. दिवाळीपर्यंत शोधनिबंध छापायला गेला नाही तर फेलोशिप बंद आणि मी गुडगावला, असं घरात ठरलंच होतं.

उत्तर मात्र झकास आलं. इतरांच्या उत्तरांपेक्षा माझा प्रकाश कितीतरी जास्त वाकत होता. माझे गाइड, म्हणजे सर, भलतेच खूश, त्यांनी निबंध लिहायलाही घेतला. मला मात्र खात्री वाटेना. इतकं चांगलं काही मला कधी फुकट मिळालेलं नाही.

त्याच आठवड्यात बाबा भाजी घेऊन शेजारच्या टॉवरमध्ये शिरले आणि परक्या दाराशी चावीची झटापट करत राहिले. आतल्या पंजाबी बाईंनी दार उघडलं, तर बाबांनी उलट त्यांनाच विचारलं, आप यहाँ कैसे? आई हसून हसून बेजार. मीही हसले, आणि एकदम माझी चूक लक्षात आली. अख्खं विश्व कंप्युटरात मावत नाही, म्हणून मी त्याचा एकच तुकडा बनवून त्याच्या नकला एकापुढे एक लावल्या होत्या. माझा प्रकाश दर नकलेत त्याच वस्तुमानाजवळून जात होता आणि दर वेळी त्याच बाजूला वाकत होता. जास्तीचं वाकणं सगळं तिथलं.

सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, एवढं कोण बघतंय यार. मी आडमुठी आहे, आई म्हणते ते खरंच आहे.

"सर, हे माझ्या नावाने जाणार नाही."

प्रत्येक नक्कल वेगळी फिरवली, वेगळी सरकवली, आणि सगळं पुन्हा चालवलं. वाकणं उतरलं आणि चारचौघांच्या उत्तराशी येऊन टेकलं. त्यात नवं असं काही उरलं नाही. दिवाळी आली, निबंध गेला नाही, फेलोशिप बंद झाली. मला रडू आलं, पण पश्चात्ताप बिल्कुल नव्हता.

बाबांनी विचारलं, म्हणजे शोध लागला नाही? मी म्हटलं, नाही, चूक सापडली. खरं काम आता सुरू होईल.

बाबांनी उठून मंडळातल्या त्या मित्राला फोन लावला.

"ती येणार नाही," ते म्हणाले. "तिचं काम अजून व्हायचंय."