चौकटीतली जागा

त्या काळी कोल्हापुरातल्या स्टुडिओत मराठी चित्रपटांची शूटिंगं चालायची आणि समूहनृत्याला आमच्यासारख्या गावातल्याच मुली लागायच्या. मी पहिल्या रांगेत, माझी मैत्रीण माझ्या मागे. ती शेजारच्या गल्लीतली, अबोल. पाऊल चुकलं की माझ्याकडे बघून सुधारायची. गिरकी घेता घेता एकदम खाली बसायची माझी खास लकबही ती आमच्याच अंगणात शिकली.

एकदा मुंबईचे एक नृत्यदिग्दर्शक आले. टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी त्यांना नाचणाऱ्या मुली हव्या होत्या. मी जीव तोडून नाचले. त्यांनी बोट दाखवलं ते तिच्याकडे.

"आणि मी?" मी विचारलंच.

"तू छान नाचतेस. पण पुढे गाणारी उभी असताना लोकांनी तुझ्याकडे बघून चालत नाही."

घरी आई म्हणाली, "बरं झालं. टीव्ही म्हंजे काय, हितं कुणी बघितलाय?"

ती मुंबईला गेली. माझं लग्न झालं. काही वर्षांनी कोल्हापुरात टीव्ही दिसायला लागला आणि आमच्या गल्लीत पहिला संच आला तो समोरच्या घरी. गाण्यांचा कार्यक्रम लागला की सगळ्या बायका तिथं जमायच्या. एका संध्याकाळी गायिकेच्या मागे ती दिसली. गिरकी घेतली आणि झटकन खाली बसली. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"काय गिरकी घेतीया बघ!" सासूबाई म्हणाल्या.

माझी गिरकी! पण कुणाला सांगणार? "पदर नीट खोचला न्हाई तिनं," एवढंच मी बोलले. त्यानंतर ज्या दिवशी ती कार्यक्रमात नसायची, त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं.

नवरात्रात ती अंबाबाईच्या दर्शनाला आली आणि थेट आमच्या घरी. अंगावर साधीच साडी, पण सगळी गल्ली दारात गोळा झाली. चहा पिता पिता ती म्हणाली, "एका मुलीचा पाय मुरगळलाय. रेकॉर्डिंग तोंडावर आलंय. येतीस?"

मी नवऱ्याकडे बघितलं. "जा की," ते म्हणाले. "मी येतो सोडायला."

मुंबईच्या त्या स्टुडिओत जमिनीवर खडूच्या खुणा होत्या. प्रत्येकीनं आपल्या खुणेवरच नाचायचं. मला ते जमेना. ताल सुरू झाला की माझे पाय पुढे धावायचे.

"थांबा! ती हिरवी साडी परत चौकटीबाहेर गेली!" ते नृत्यदिग्दर्शक ओरडायचे.

मैत्रीण मागे वळूनही बघत नव्हती, तरी कोण कुठं आहे ते तिला कळत होतं. मी सरकले की ती नाचता नाचताच जराशी कलायची आणि माझी चूक झाकायची. माझ्या गिरकीला अख्खं अंगण लागायचं. तिनं तीच गिरकी एका फरशीवर बसवली होती, आणि चेहऱ्यावर कष्टाचं नाव नाही.

कार्यक्रम लागला तेव्हा समोरच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती.

"तू कुठं हायस गं?" सासूबाई सारख्या विचारत होत्या.

"ते काय, कोपऱ्यात. हात दिसतोय बघा."

कोपर दिसलं आणि गेलं. मग सगळ्या तिच्याकडेच बघत राहिल्या. मीसुद्धा. पदर, पाय, मान, कुठं तरी खोट सापडेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बघितलं. एकही सापडली नाही. आजवर मी तिच्या नशिबावर जळत होते. नशिबाला शिव्या देता येतात, निदान तेवढा तरी आधार होता. त्या संध्याकाळी मी तिच्या कामावर जळले आणि शिवी द्यायला कुणीच उरलं नाही.

"नाचतीया मात्र झक्कास," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणाले.

पुढे ती बरीच वर्षं टीव्हीवर दिसत राहिली. तिनं आणखी एकदा बोलावलं होतं. मी लेकीच्या परीक्षेचं कारण सांगितलं.