थर्मामीटर मागणारा तपासनीस

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी सहकारी बल्गेरियाची होती. नमुन्यांचा फ्रिज बंद केला की ती तो पुन्हा उघडून तापमान वाचत असे, मी बंद केलेलाही. मला त्याचा राग येई.

तिचा देश तेव्हा युरोपीय संघात प्रवेश करण्याच्या बेतात होता. गावाकडची वडिलांची छोटी डेअरी नव्या नियमांत बसली नाही, तर बंद होणार होती.

“पूर्वी तपासनीस आला की दारूची बाटली द्यायची, काम व्हायचं,” ती सपाट आवाजात म्हणायची. “हा नवा तपासनीस थर्मामीटर मागतो. याच्याशी बोलायचं कसं, तेच बाबांना कळत नाही.”

“मग थर्मामीटर दाखवा की.”

“रोज फोनवर तेच सांगते. ते म्हणतात, पोरगी अमेरिकन झाली.”

तपासणीच्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. बराच वेळ ऐकून ती खुर्चीत बसली.

“डेअरी पास झाली. पण बाबा चिडलेत. तपासनिसाने चीजचा तुकडासुद्धा घेतला नाही म्हणे.”

आम्ही दोघी हसत सुटलो. मग तिने नमुने फ्रिजमध्ये ठेवले, दार लावले आणि मागे न वळता कॉफी प्यायला निघून गेली. त्या दिवशी तापमान मीच वाचले.