मला नसलेला आजार

"उसको मत दो. वो बीमार है."

मॅडमनं माझ्यापुढं हात आडवा घातला. कॉफी देणारी म्हातारी भरलेला कप धरून माझ्याकडं बघत राहिली. तिच्या बाजूला दोघी बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं ओढणी नाकावर ओढली.

मला काय झालं होतं? कायसुद्धा नाय. ना ताप, ना खोकला. मी किन्हवलीकडच्या बौद्धवाडीतली, एवढंच मला झालेलं होतं.

हे ओमानमधलं. मॅडम कल्याणची, साहेबांच्या नोकरीपायी मस्कतला राहायची. तिच्या सासूला कल्याणात मी दोन वर्षं सांभाळलं, आसनगाववरून रोज जाऊन. मग मॅडमला बाळ झालं तेव्हा तीच म्हणाली, "चल मस्कतला. घरच्यासारखी राहशील." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. घरच्या माणसाला कोण घरच्यासारखं म्हणतं? पण गेले.

तिथं माझा कप आणि ताटली बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर. विचारलं तर म्हणायची, "हायजीन गो. बाळ लहान आहे." असेल बाबा. पण त्याच बाळाला आंघोळ मी घालायची, पेज मी भरवायची, याच बोटांनी. बोटं चालायची, कप चालायचा नाय. हे कसलं डोंबलाचं हायजीन? आतल्या आत चडफडायची आणि गप बसायची.

त्या बुधवारी मॅडमला बायकांचा बाजार बघायचा होता. दोन तासांवरचं गाव. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषाला आत सोडत नाय. साहेब बाळाला घेऊन गाडीत बसले. साहेब बाहेर आणि मी आत! जन्मात असं पाहिलं नव्हतं, म्हणून जास्तच संशय आला. मुरबाडच्या बाजारात कोण उगाच गोड बोललं की आमी पिशवी घट्ट धरतो. इथं तर बायका हात धरून बसवत होत्या. कितीजणींच्या नाकावर कडक काळा मुखवटा, नुसते डोळे दिसायचे. हसतात का दात खातात, कळायचं कसं?

त्या म्हातारीचं कापडाचं दुकान. तिनं आमाला चटईवर बसवलं, खजूर पुढं केला. मला वाटलं, आता गळ्यात काहीतरी मारणार. मग कॉफी. बिनकानाचे छोटे दोनच कप. एकीनं प्यायचं, म्हातारीनं तो वाडग्यातल्या पाण्यात बुचकळायचा, भरून दुसरीला द्यायचा. तिथली रीतच ती. मॅडम प्यायली. शेजारच्या दोघी प्याल्या. मग कप माझ्याकडं आला. माझ्यानंतर तो फिरून मॅडमकडं जाणार होता. म्हणून मी बीमार.

पण खरी लाज मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. मॅडमचा हात आडवा यायच्या आधी माझाच हात मागं गेला होता. "नको नको" करत. लहानपणी आवणीला, भाताची रोपं लावायला गेलो की मालकीण चहा वरून आमच्या वाटीत ओतायची आणि मी तिच्या कपाला हात लावायला गेले की आई चिमटा काढायची. तो चिमटा एवढा समुद्र ओलांडून माझ्याबरोबर आला होता. मला माझाच राग आला, भयंकर.

बाजारापुरती हिंदी तिथल्या बायकांना येते. म्हातारीनं मलाच विचारलं, "क्या बीमारी?"

मॅडम घाईनं मराठीत पुटपुटली, "खोकला म्हण. तमाशा नको."

तिची खात्री होती की मी म्हणेन. आजवर म्हणतच आले होते ना!

"मैं बीमार नहीं," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं. "ये मेरा जूठा कप नहीं पीती. मेरी जात छोटी बोलती है, इसलिए."

मॅडमचं तोंड पांढरं पडलं. म्हातारीला जात कळली का, माहीत नाय. बाकीचं कळलं असावं. तिनं कप माझ्या हातात दिला. कॉफी कडू होती. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. तिनं तो बुचकळला, भरला आणि मॅडमपुढं धरला. मॅडम "बस, बस" करत उठली. तशी म्हातारीनं कप खाली ठेवला. मॅडमनं निवडून ठेवलेलं कापड तिनं घडी करून मागं टाकलं. विकलं नाय तिनं.

त्या म्हातारीची मी देवी करणार नाय. तिच्या घरातली कामवाली कुठल्या कपातून पिते, ते मी बघितलेलं नाय.

गाडीत मॅडम म्हणाली, "उपकार विसरलीस." मी विचारलं, "कुठले?" पुढच्या आठवड्यात मला परत धाडलं.

आता शहापुरात नवीन काम बघायला गेले की मी दारातच सांगते, कुठली, कोण. मग म्हणते, "चहा टाका, तुमच्याच कपात द्या. दोघी बसून पिऊ, मग कामाचं बोलू." तीन घरांनी "नंतर कळवतो" म्हटलं. मी म्हटलं, कळवू नका. मी चप्पल काढलीच नव्हती.